मांडीवरची ज्योत

९ सप्टेंबर, मंगळवार

यंदा गडावरून ज्योत येणार नाही असं आज ठरलं, आणि चहाचे कप उचलायच्या आत येणार असंही ठरलं. म्हणून ही डायरी काढली. मयुरीला मार्केटात व्यापाऱ्याने दिलेली, कोरीच पडली होती. मी चौथीपर्यंत शिकलेले, तेव्हा अक्षराचं बोलू नये. वाचणार तरी कोण, मीच.

दरवर्षी घटस्थापनेच्या आदल्या दिवशी आमच्या सोसायटीतली पोरं सप्तशृंगीच्या गडावरून ज्योत आणतात. मशाल हातात घेऊन पाळीपाळीने पळतात, मागे टेम्पो. त्या ज्योतीवर मंडळाच्या घटाचा दिवा लागतो. आम्ही सगळे खानदेशातले, कुणी शिरपूरचं, कुणी दोंडाईचाचं. सुरतेत जन्म गेला तरी गडावरची आई काही सुटत नाही. पण यंदा दिवाळीचा सीझन असा तापलाय की लूमवर, मार्केटात, कुठल्याच पोराला दोन दिवस सुट्टी मिळेना. भटूआप्पा मंडळाचे अध्यक्ष. ते म्हणाले, "मग काडीपेटीनं लावू. देवी काही रागावणार नाही."

तेव्हा माझी नात मयुरी उभी राहिली. पर्वत पाटिया भागातल्या कापड मार्केटात बिलं बनवते आणि रविवारी तिच्यासारख्या पोरींबरोबर मोटारसायकलवर फिरते. म्हणाली, "आप्पा, आम्ही आणतो. आमच्या सहा गाड्या आहेत."

मंडळातला शालिग्राम म्हणाला, "ज्योत आणतील की सेल्फी?" सगळे हसले. आप्पांनी घसा खाकरला. "तसं नाही पोरी. बाईमाणसाला महिन्याची अडचण असते. कुणाला कधी येईल, आम्ही काय विचारत बसणार? ज्योतीला विटाळ झाला तर?"

पोरींनी माना खाली घातल्या. मी मागे बसून मजुरीवर आणलेल्या साडीचे सुटे धागे कापत होते. घरी गठ्ठा पडलेला असला की मी मीटिंगलाही साडी घेऊन जाते, हात रिकामे ठेवायची सवय नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "आप्पा, माझी अडचण संपून जमाना झाला. मी धरते."

आता बायकाही हसल्या. आप्पांची बायको उषाबाई तर पदर तोंडात घालून हसली. आप्पा म्हणाले, "तुमना हातमा ऱ्हायनी तर चाली, शोभाबाई. पण गडापासून इथवर तुमच्याच हातात. आणि वाटेत विझली, तर पुढं पोरींनी ज्योतीचं नाव काढायचं नाही."

"कबूल," मयुरी म्हणाली. मला कुणी विचारलंच नाही. पण विचारलं असतं तरी मी तेच म्हटलं असतं.

१० सप्टेंबर, बुधवार

वाल्मिकने जेवताना ताट सरकवलं. माझा एकुलता मुलगा, सुरतेजवळच्या सचिन गावी एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात मास्टर आहे. शांत माणूस, पण एकदा फुगला की फुगला.

"माय, तुनं वय काय, तू काय करी ऱ्हायनी?"

"देवीचं काम करी ऱ्हायनू."

"सापुताऱ्याचा घाट माहीत आहे? गाड्या कोलांट्या खातात तिथं. आणि मयुरीला सांग, माझ्या गाडीला हात लावायचा नाही."

"पप्पा, माझी बुलेट आहे," मयुरी म्हणाली.

"तिलाही लावायचा नाही."

सूनबाई उज्ज्वला मधे पडली नाही. तिने मला हळूच भाजी वाढली, त्यावरून मी समजले की ती आमच्या बाजूची. वाल्मिक मात्र नाही म्हणजे नाहीच. पोटचा पोरगा असा आडवा आला की वाईट वाटतं. याच्या बापाने मला सायकलच्या पुढच्या दांडीवर बसवून उधना ते वराछा फिरवलेलं आहे, तेव्हा कुणी वय विचारलं नव्हतं. अर्थात तेव्हा वयही नव्हतं.

१४ सप्टेंबर, रविवार

आज कामरेजपर्यंत जाऊन पाहिलं. आधी कपड्यांचं. पातळ नेसून एका बाजूला पाय सोडून बसले तर मयुरी म्हणाली, "आजी, असं नाही चालायचं, वळणावर पडशील." मग उज्ज्वलाचा पंजाबी ड्रेस घातला. जन्मात पहिल्यांदा सलवार. जिन्यात उषाबाई भेटली. वरून खाली पाहिलं आणि म्हणाली, "कॉलेजला निघाल्या का?" म्हटलं, "हो, तुझं नाव सांगू का तिथं?"

दोन्हीकडे पाय टाकून बसायला किती बरं वाटतं हे बायकांना कुणी सांगतच नाही.

दिवा मात्र दर वेळी विझला. मशाल पळणाऱ्याच्या हातात चालते, गाडीवर नाही. कंदील म्हटला तर रॉकेल लागतं, आणि देवीचा दिवा रॉकेलवर मी आणणार नाही. शेवटी अखंड दिवा मिळतो ना, काचेच्या चिमणीचा, तो घेतला. वारा अडला, पण खड्डा आला की तेल हिंदकळून वात बुडते. शीतल म्हणाली, "आजी, वाळूत खोचून पाहू का जी?" शीतल ही मयुरीच्याच दुकानात साड्यांचं पॅकिंग करते, अकोल्याकडची, बोलते कमी. स्वतःची गाडी नाही, सहा गाडीवाल्यांतल्या मनीषाच्या मागे बसते. तिचं म्हणणं बरोबर निघालं. पिठाच्या डब्यात ओली वाळू, वाळूत दिवा, डबा पंचाच्या झोळीत घालून माझ्या गळ्यात, माझं पोट आणि मयुरीची पाठ यांच्या मधोमध. परतताना कडोदऱ्यापर्यंत टिकला. मग डबा बंद असल्यामुळे गुदमरून विझला.

१७ सप्टेंबर, बुधवार

सकाळी पाहते तर पिठाच्या डब्याला कडेने भोकं पाडलेली. सारखी, गोल, कडा कानसीने घासलेल्या. उज्ज्वला म्हणते तिने नाही पाडली. मयुरीला ड्रिल धरता येत नाही. वाल्मिकला विचारलं तर म्हणाला, "उंदीर असतील." एवढं वाकडं बोलायचं काय कारण होतं. अजून राग गेलेला नाही त्याचा.

दिवा आता छान जळतो.

२० सप्टेंबर, शनिवार, गडावरून

पोचलो. धर्मशाळेत खाटेवर बसून लिहिते आहे, पोरी बाहेर चहा पीत आहेत.

पहाटे निघालो तेव्हा भटूआप्पा गेटपर्यंत आले होते. सहा गाड्या, सगळ्यात पुढे आमची. मयुरीने मला ओढणीने स्वतःच्या कमरेला बांधून घेतलं, लहान मुलाला बांधतात तसं. डोक्यावर हेल्मेट. त्यात आपलाच श्वास ऐकू येतो, जणू आत कुणी दुसरी म्हातारी बसली आहे.

बारडोलीपर्यंत ऊस आणि ऊस. चहाला थांबलो तर टपरीवर वाल्मिक. म्हणे मशीनचा पार्ट घ्यायला आलोय. मी म्हटलं, शनिवारी? म्हणे, अर्जंट आहे. माझ्याशी धड बोललाही नाही, मयुरीच्या गाडीचं चाक बुटाने दाबून पाहिलं आणि निघून गेला. पुढे उनाईला गरम पाण्याच्या कुंडाशी पुन्हा दिसला. म्हणे पाय दुखतात, बुडवायला आलो. गरीब बिचारा, दिवसभर मशीनवर उभा असतो, एवढा दुखत असेल तर घरी सांगत का नाही.

वघईच्या पुढे काय सांगू. सागाला पांढरा मोहर, खाली भात पोटरीला आलेलं, उतारावर नागली, आणि बांधावर तेरडा असा फुललाय की आपल्या सुरतेच्या रंगाच्या कारखान्यात तो गुलाबी निघणार नाही. रस्त्याकडेला बायका मक्याची कणसं भाजत होत्या. एकीने सहा गाड्यांवर सगळ्या बायाच पाहून हातातला पंखा थांबवला आणि विचारलं, "तुमचे पुरुष कुठे गेले?" मनीषा म्हणाली, "घरी भांडी घासतायत." तिने आम्हाला एक कणीस जास्त दिलं.

घाटात मी डोळे मिटून घेणार होते. नाही मिटले. वळणावर गाडी झुकते तेव्हा आपणही झुकायचं, मयुरीने शिकवलं. चार वळणांनी मला यायला लागलं. ढग अंगावरून जात होते.

गडावर ट्रॉलीने वर जाऊन दर्शन घेतलं. शीतल वर आली नाही. खालीच पायरीशी बसली. म्हणाली पोटात दुखतंय. मी ओवा दिला आणि जास्त काही विचारलं नाही. वाटेत औषधांच्या दुकानातून तिने कागदात गुंडाळून काय आणलं ते मला दिसलं होतं, पण मी विचारलं असतं तर तिला सांगावं लागलं असतं, आणि सांगितलं असतं तर मला काहीतरी म्हणावं लागलं असतं.

उद्या पहाटे पहिल्या पायरीशी ज्योत घ्यायची.

२२ सप्टेंबर, सोमवार, घटस्थापना

काल लिहिता आलं नाही. डावा हात गळ्यात बांधलेला आहे, उजवा चांगला आहे. सगळं नीट क्रमाने लिहिते, नाहीतर मी आधी शेवट सांगून टाकेन.

काल पहाटे पहिल्या पायरीशी आमच्यासारखी कितीतरी मंडळं मशाली घेऊन उभी होती. सगळी पोरं, डोक्याला भगवे रुमाल. त्यात आम्ही हेल्मेटवाल्या. एका पोराने माझ्या डब्यात वाकून पाहिलं, "आजी, टिफिन आणला का?" म्हटलं, "हो, देवीचा." वात लागली. चिमणी बसवली. काच तापली तशी माझ्या पोटाला ऊब लागली आणि मला एकदम वाल्मिक पोटात होता तेव्हाची आठवण झाली. मी कुणाला बोलले नाही.

सापुतारा उतरलो. तेल दोनदा घातलं, गाडीवर बसल्या बसल्याच, कारण ज्योत जमिनीवर टेकवायची नसते. लघवीला उतरायचं नाही म्हणून मी सकाळपासून पाणीच प्यायले नव्हते. सगळं बरोबर चाललं होतं, आणि वघईच्या अलीकडे एका वळणावर पाऊस आला. मोठा नाही, पण शेतातल्या ट्रॅक्टरने रस्त्यावर चिखल आणून ठेवलेला. मयुरीने वेग कमी केला होता. तरी मागचं चाक सरकलं. गाडी हळूच आडवी झाली, म्हैस बसते तशी.

पडताना मला एकच कळलं, डबा वर धरायचा. डाव्या कोपरावर आपटले, उजव्या हाताने झोळी वर धरली. ओढणीमुळे मयुरी आणि मी एकमेकींत अडकलेल्या, उठता येईना. वजनाने माझं मनगट वळलं. डबा कलला. वाळू सांडताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

तेवढ्यात दोन हात आले आणि डबा उचलला. मनीषाची गाडी थांबायच्या आत शीतलने उडी मारली होती. ती पावसात उभी, डबा छातीशी, पाठ वाऱ्याकडे, मान खाली घालून चिमणीवर डोक्याची सावली धरलेली. आत ज्योत एवढीशी झाली होती, मोहरीएवढी. मग हळूहळू वर आली.

आम्हाला उठवलं. मयुरीचा गुडघा खरचटला, बाकी काही नाही. गाडीलाही काही नाही. मी म्हटलं, "शाबास पोरी, आण." आणि हात पुढे केला तर डावा हात वरच येईना.

शीतल पांढरी पडली होती. "आजी," म्हणाली, "मले हात लावाचा नव्हता जी. मले कालपासून अडचण हाये."

पाऊस हेल्मेटवर टपटपत होता. मयुरी माझ्याकडे पाहत होती. मला आप्पांचं बोलणं आठवलं, आणि सोसायटीत काय काय बोलतील तेही. पोरींना पुन्हा कुणी ज्योतीजवळ उभं करणार नाही. खोटं का सांगू, क्षणभर मला वाटलंही की हिने हे सांगितलंच नसतं तर बरं झालं असतं.

मग मी डब्यात पाहिलं. ज्योत सरळ जळत होती. तिला विटाळ झाला असता तर मघाशी, मोहरीएवढी होती तेव्हाच विझायचं निमित्त होतं. माझी चार बाळंतपणं झाली, त्यातलं एक मूल जगलं. रक्ताला काय भ्यायचं, त्याच्यावाचून देवीच्या दारी उभं राहायला माणूस कुठून येणार. एवढं सगळं मी बोलले नाही. मी एवढंच म्हटलं, "धर तशीच. माझ्या जागी बस. मयुरी, हिला ओढणीने बांध."

"आजी, आप्पांना काय सांगायचं?" मयुरीने विचारलं.

"आप्पांचं आप्पांपाशी."

तेवढ्यात मागून वाल्मिक आला. म्हणे वघईला बांबू पाहायला आलो होतो. बांबू कशाला हवेत ते त्यालाच ठाऊक. त्याने माझं कोपर दाबून पाहिलं, रुमालाने हात गळ्यात बांधला, आणि त्याचे डोळे लाल दिसले, आत पावसाचं पाणी गेलं असेल. "बस मागे," म्हणाला. पुढचा सगळा रस्ता मी मुलाच्या पाठीला गाल लावून आले. त्याने एकदाही गाडी पन्नासच्या वर नेली नाही, आणि पुढच्या बुलेटचा दिवा नजरेआड होऊ दिला नाही.

दिवे लागायच्या सुमाराला सोसायटीत पोचलो. ढोल होता, फटाके होते. गेटशी पाट मांडलेला. आमच्याकडे ज्योत आणणाऱ्याचे पाय अध्यक्षाने धुवायचे असतात, तेव्हा आप्पा तांब्या घेऊन उभे. मी वाल्मिकच्या मागून उतरले आणि डबा शीतलच्या हातात, हे पाहिलं तसा ढोल थांबला.

"शोभाबाई, हे काय?"

"पडले मी, आप्पा. वघईपासून हिने आणली. विझली नाही."

आप्पांनी शीतलकडे पाहिलं. हळू आवाजात विचारलं, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "पोरी, तुला काही अडचण तर नाही ना?"

मी तोंड उघडलं. मी खोटं सांगणार होते, हे इथे लिहून ठेवते. पण शीतलच आधी बोलली. आवाज कापत होता, हात नाही.

"हाये, आप्पा. दुसरा दिवस. मी सांगितलं होतं आजीले. पण सोडली असती तर विझली असती."

शालिग्राम काहीतरी पुटपुटला. मागे बायकांत कुजबुज. मयुरीने शीतलच्या खांद्यावर हात ठेवला. आप्पा तांब्या धरून उभेच.

उषाबाई आरतीचं ताट घेऊन त्यांच्या मागे होती. ती पुढे आली, नवऱ्याला कोपराने बाजूला केलं आणि म्हणाली, "काय पाही ऱ्हायनात? तुम्ही काय आभायमाईन पडनात, मायना पोटमाईन नही?" आणि शीतलला कुंकू लावलं.

बायका खळखळून हसल्या. मग पुरुषही हसले, आधी मान फिरवून, मग उघड. ढोलवाल्याला कुणी सांगितलं नाही, त्यानेच वाजवायला घेतलं. शीतलने बूट काढले, मोजे काढले, पाटावर उभी राहिली. पायाला वघईचा चिखल. आप्पा खाली बसले. त्यांना गुडघे वाकवायला त्रास होतो, मयुरीने हात दिला. दोन्ही पाय धुतले, बोटांच्या मधूनसुद्धा, आणि मग वाकून नमस्कार केला. शीतल रडत होती, पण डबा हलला नाही.

आज सकाळी त्याच ज्योतीवर घटाचा दिवा लागला. आप्पांनी शीतलला बोलावणं पाठवलं, तिच्या हातून लावला. मग प्रत्येक घरातून निरांजन घेऊन माणसं आली. शालिग्राम सगळ्यात शेवटी आला, पण आला.

२३ सप्टेंबर, मंगळवार

हाताला मार लागलाय, मोडला नाही असं डॉक्टर म्हणाले. पंधरा दिवस धागे कापायचे नाहीत. मला रिकामं बसवत नाही, म्हणून खिडकीत बसले होते तर खाली मयुरीच्या बुलेटभोवती बायका जमलेल्या. मला वाटलं, गाडीला कुठे लागलंय ते पाहत असतील. खाली गेले.

शाळेतून पोरांना आणायला जाणाऱ्या दोघी होत्या, शेजारची सुंदरा होती, आणि सगळ्यात पुढे उषाबाई, पदर खोचून. मयुरी तिला समजावत होती, "काकू, आधी मागे बसून सवय करा. तोल कळतो."

"माले मांगे नही बसनं," उषाबाई म्हणाली. "पुढे बसनं शे. शिकाडशी का नही, ते सांग."

आप्पा थोडे लांब, तिच्या चपला हातात घेऊन उभे होते, कारण बुटांशिवाय गाडीवर बसायचं नाही असं मयुरीने सांगितलं होतं आणि उषाबाईच्या पायात नातवाचे बूट होते.

मी वाट काढत गाडीपाशी गेले आणि चांगला हात हँडलवर ठेवला. म्हटलं, "उषाबाई, लाइनीत उभी राहा. पहिला नंबर माझा."